चारशे घरांचे कागद आणि मी

मित्रांनो, करंगळीच्या दोन पेरांएवढी माझी लांबी. झाकण हरवलेला, अंगावरची अक्षरे झिजलेला मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. निर्जीव वस्तूला लाज कसली, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, तर तो आक्षेप मला मान्य नाही. ज्याच्यावर विसंबता येते, त्याच्याकडून विश्वासघातही घडू शकतो. आणि ज्याच्याकडून विश्वासघात घडू शकतो, त्याला लाज वाटणे मुळीच अस्वाभाविक नाही. मला ती वाटते. म्हणूनच हे निवेदन.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. एका यंत्राने मला जोडले, दुसऱ्याने तपासले, तिसऱ्याने पारदर्शक वेष्टनात बंद केले. पुढे रोह्याच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात मी खिळ्याला टांगलेला होतो. तेथून खतीजाने मला घेतले. तिचे माहेर रोह्याचे, सासर पेणचे. नवरा सुलेमान शारजात इलेक्ट्रिशियन. पेणला तिने ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान काढले होते: एक संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. पासपोर्ट, रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, जे काही सरकारदरबारी मागावे लागते ते सारे लोक तिच्याकडून मागून घेत.

आता तिची एक पद्धत सांगतो, कारण माझी सारी कथा तिच्यावरच उभी आहे. खाडीकडच्या मिठागरांतून बायका येत. एखादीचा एक कागद घरी राहिला, की तिची दिवसाची मजुरी बुडे. खतीजाला ते पाहवेना. म्हणून एकदा स्कॅन केलेला कागद ती कधीच काढून टाकीत नसे, माझ्यात ठेवी. पुढच्या वेळी ती बाई रिकाम्या हाताने आली तरी काम होई. फोल्डरांना नावे दिलेली होती तीही कागदावरची नव्हेत, नात्याची: ‘पुतळीमावशी’, ‘फहादची आई’, ‘जित्याची सरू’. चारशे घरांची ओळखपत्रे, छायाचित्रे, बँकेची पासबुके आणि अंगठ्यांचे ठसे माझ्यात नांदत होते.

लोक तिची वाखाणणी करीत आणि मी ती स्वतःची समजत असे. मला पासवर्ड घालावा का, असे संगणकाने पहिल्याच दिवशी विचारले होते. घरच्या माणसांच्या कागदांना कुलूप कशाला, असे म्हणून खतीजाने ‘नाही’ दाबले. तेव्हा मला धन्यता वाटली. आज त्या धन्यतेचीच सर्वाधिक लाज वाटते. तिची माया खरी होती, याविषयी मी कोणाशीही वाद घालीन. पण माया खरी असली म्हणजे व्यवस्था नीट असते, हे अनुमान चुकीचे आहे.

चूक घडली ती दुकानाला नवा फ्लेक्स करायच्या वेळी. फ्लेक्सची आकृती तिने माझ्यातच ठेवली आणि मला वडखळच्या एका छपाईवाल्याकडे दिले. त्याला हवी होती एक फाईल. मी मात्र पूर्ण उघडलो. कोणी लावले, कशासाठी लावले, हे विचारण्याची शक्ती माझ्यात नाही. आकृती घेतल्यावर तेथील कोणी एकाने उरलेलेही सर्व सावकाश उतरवून घेतले. संध्याकाळी मी पेणला परत आलो, तेव्हा माझ्यातील एकही कागद कमी झालेला नव्हता. आमच्या चोरीचा हाच विशेष आहे, मित्रांनो. ती झाली तरी घर भरलेलेच दिसते.

चार महिन्यांनी पुतळी दुकानात आली. ती मिठागरात काम करणारी विधवा बाई. मुलगी भूमिका कॉलेजात. तिच्या हातात एक लिफाफा होता.

“गो खतीजा, पोस्टातून ह्ये आलंय. वाच जरा. भूमिकाच्या कालेजाचं हाय का?”

ते कॉलेजचे नव्हते. दूरच्या एका जिल्ह्यातील पोलिसांची ती नोटीस होती. पुतळीच्या नावावर घेतलेल्या मोबाईल क्रमांकावरून अनेकांना फसवणुकीचे फोन गेले होते आणि तिने पंधरा दिवसांत खुलासा करायचा होता. सोबत, तो क्रमांक घेताना दिलेल्या तिच्या आधारकार्डाची प्रत जोडली होती. त्या प्रतीवर, पुतळीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक बारीक तिरकी रेघ होती.

ती रेघ खतीजा ओळखत होती. तिच्या स्कॅनरच्या काचेवर तेवढाच, तसाच ओरखडा होता. पुतळीचे कार्ड दुसऱ्या कोठेही स्कॅन झालेले नव्हते, आणि ती प्रत संगणकात नव्हे, फक्त माझ्यात होती. मी वडखळला गेलो होतो, हेही तिला आठवले असावे. कारण तिने माझ्याकडे पाहिले आणि पटकन नजर फिरवली. पुतळीला तिने एवढेच सांगितले की, काहीतरी घोटाळा आहे, बघते.

त्या दुपारी तिने सुलेमानला फोनवर सगळे सांगितले. तो वाईट माणूस नव्हे. दूर असलेला माणूस होता.

“काचेवरची रेघ पोलीस बघत नाय,” तो म्हणाला. “तू गप राव. दुकानाचं नाव गेलं तर परत येणार नाय.”

“पोलीस नाय बघत,” खतीजा म्हणाली. “मी बघितलीय.”

असे म्हणूनही ती आठ दिवस गप्प राहिली. मी तिला दोष देत नाही, पण ते दिवस वगळणार नाही. त्या आठ दिवसांत पुतळी दोनदा आली. नोटिशीची बातमी गावात फुटली होती. पहिल्यांदा तिने हसत सांगितले, की मिठागरावरच्या बायका म्हणतात, पुतळे, आमालाबी एक फोन लाव, आमीबी मोठ्या होऊ. दुसऱ्यांदा ती हसली नाही. भूमिकाला कॉलेजात कोणीतरी आईविषयी विचारले होते आणि पोरीने कॉलेजात जाणेच बंद केले होते.

नवव्या दिवशी पुतळी खुलासा लिहून घ्यायला बसली. लिव, ती म्हणाली, की मी मीठ ओढते, फोन करत नाय. खतीजाची बोटे कीबोर्डवर थांबली. तिने मला संगणकातून उपसले आणि टेबलावर, दोघींच्या मधे ठेवले.

“मावशी, तुझा कागद माझ्या दुकानातून गेला. ह्याच्यातून.”

पुतळी माझ्याकडे वाकून बघू लागली. “येवढ्याशातून?”

“व्हय.”

“माझा एकटीचा?”

“सगळ्यांचा. चारशे घरांचा असंल.”

पुतळीने मला बोटाने थोडे दूर सारले. नंतर तिने जे विचारले, त्याची तयारी खतीजाने केलेली नव्हती, आणि मीही नाही.

“तुला कवा कळलं?”

“तू नोटीस आणलीस त्याच दिवशी.”

“म्हंजे आठ दिस मी गावात मान खाली घालून फिरले,” पुतळी म्हणाली, “आन् तू हितं बसून बघत व्हतीस.”

खतीजाने त्याच दिवशी पेणच्या पोलीस ठाण्यात जबाब दिला. ओरखडा दाखवला, वडखळचा पत्ता सांगितला. तो जबाब पुतळीच्या खुलाशाला जोडला गेला. पुतळीवरची चौकशी थांबली, ती छपाईवाल्याकडे वळली. मला एका पाकिटात मोहोरबंद करून ठेवण्यात आले. इकडे खतीजाने चारशे घरांना एकेक फोन केला. काहींनी शिव्या दिल्या, पुष्कळांनी दुकान बदलले. काही महिन्यांनी मी परत आलो, तेव्हा तिने मला पूर्ण पुसले आणि पासवर्ड घातला. तरीही वडखळहून जे पुढे गेले, ते आज कोणत्या गावी, कोणाच्या हाती आहे, हे मला सांगता येत नाही. माझ्यातून गेलेले परत बोलावण्याचा उपाय नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरचे दुकान असेल, तर चार शब्द ध्यानी धरा. गिऱ्हाइकाचा कागद काम होईपर्यंतच आपल्याकडे असावा. बाहेर जाणाऱ्या वस्तूत बाहेर जायचे तेवढेच असावे. आणि चूक कळली, की आठ दिवस नव्हे, आठ मिनिटेही थांबू नये.

गेल्या आठवड्यात पुतळी भूमिकाला घेऊन आली. वसतिगृहाचा अर्ज होता. मधल्या काळात ती दुसरीकडे जात होती, हे खतीजाला ठाऊक होते. तिने काही विचारले नाही. कार्ड स्कॅन होऊन माझ्यात आले, अर्ज गेला, पोच छापून आली. पुतळी खुर्चीवरून हलली नाही.

“काम झालं ना? आता पूस. माझ्यासमोर पूस.”

खतीजाने पुसले. पुतळीला वाचता येत नाही. तिने मुलीला पडद्यापुढे उभे केले आणि काय दिसते ते विचारले.

“काय नाय, आये,” भूमिका म्हणाली.

“नीट बघ.”

भूमिकाने पुन्हा पाहिले. मग पुतळी उठली.