लेवकाकांचा तारा

खंडेनवमीला आमच्या घरी स्टेथोस्कोपची पूजा होते. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी मी तो पाटावर मांडते. पूजेआधी सगळं घासूनपुसून लख्ख हवं, हा माझा हट्ट. माझा नवरा चंद्रशेखर म्हणतो, "मृणालच्या हाती लागलेली वस्तू आंघोळीशिवाय सुटत नाही."

या वर्षी पाटावर लेवकाकांचा ताराही होता. लेवकाका म्हणजे शेजारच्या आन्याचे वडील. अठ्ठ्याण्णव वर्षांचे, जवळजवळ आंधळे. सोव्हिएत सैन्यात असताना अठराव्या वर्षी त्यांच्या मांडीत तोफगोळ्याचे तुकडे घुसले, आणि लष्करी इस्पितळातल्या खाटेवरच त्यांना 'रेड स्टार' मिळाला. चांदीचा, पाच टोकांचा, लाल मिन्याचा, कोटाच्या उजव्या बाजूला लावायचा. रोज सकाळी तो मुठीत धरून ते त्याच्यावर अंगठा फिरवत बसायचे. न्यूमोनियाने ते हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा तिथे हरवायला नको म्हणून आन्याने तो माझ्याकडे ठेवला.

सैनिकाचं पदक! खंडेनवमीला त्याच्याइतका मान कोणाचा? चिंच-मीठ लावून मी तो घासला. एका टोकाचा मिना उडाला होता आणि तिथली धार बोटाला लागत होती. काकांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. त्यांच्या अंगठ्यावर कायम एक ओरखडा असायचा, कितीदा तरी मीच तो ड्रेस केला होता. आता त्याचं कारण सापडलं म्हणून मला आनंदच झाला. नखांच्या कानशीने ती धार गुळगुळीत केली. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"आन्याला विचारलंस?" चंद्रशेखरने विचारलं.

"यात काय विचारायचं?"

आता उपाय नाही म्हणून हॉस्पिटलने काकांना घरी पाठवलं. मी तारा त्यांच्या हातात दिला. अंगठा पाचही टोकांवरून फिरला. पुन्हा फिरला. मग त्यांनी तो पांघरुणावर ठेवला आणि रशियनमध्ये काहीतरी म्हणाले.

"म्हणतात, हा माझा नाही," आन्या म्हणाली. "माझा कोणीतरी चोरला."

मी सगळं सांगितलं, कानशीचंही. आन्याने ते त्यांच्या कानात ट्रान्सलेट केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझा हात थोपटला.

"म्हणतात, डॉक्टरीणबाई भली आहे. चोराला वाचवतेय."

आठ दिवस त्यांचा हात पांघरुणावर चाचपडत राहिला. नवव्या दिवशी थांबला. नाडी मीच पाहिली. घरी येऊन कुकर लावला, कपडे घडी केले. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

फ्युनरलच्या दिवशी मी आन्याला म्हटलं, "तारा काकांच्या कोटावर लाव ना."

"ते शेवटपर्यंत सांगत होते, हा दुसऱ्या कोणाचा आहे, त्याला परत करा," ती म्हणाली. "मी तो त्यांना कसा लावू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी निदान हातापाया पडले असते. तिने तारा माझ्या तळहातावर ठेवला आणि ती पुढे गेली.

शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी काकांना पाहिलं. कोटाची उजवी बाजू मोकळी होती.