शेऱ्यांच्या पुड्या

सहावीच्या वर्गशिक्षिका इन्साफबाई, गावाच्या भाषेत अब्ला इन्साफ, वर्षभर पोरांना काय काय सुनावत, ते त्या वर्गाच्या भिंतींना विचारावं. पण वर्ष संपताना प्रमाणपत्रावर मात्र त्या एकच ओळ लिहीत: "गुणी, आज्ञाधारक, भविष्य उज्ज्वल." चाळीस पोरं, चाळीस वेळा तीच ओळ, मोत्यासारख्या अक्षरात. कोम अल-तूत गावात घरोघरी ही ओळ भिंतीवर टांगलेली होती. तुरुंगात जाऊन आलेल्या दोघांच्या घरीसुद्धा होती, आणि चांगल्या चौकटीत होती.

पण इतकं गोड लिहून माणसाच्या पोटात मळमळणार नाही तर काय? म्हणून दर वर्षी अब्लांची एक वही असे. तिच्यात त्या खरं लिहीत. पोराचं, त्याच्या आईबापाचं, अधूनमधून गावाचंही. ही वही त्या शुद्धलेखनाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवत, तसंच तपकिरी कव्हर घालून. कारण सरळ होतं. शुद्धलेखनाच्या वहीला चोरसुद्धा हात लावत नाही.

यंदा मात्र गडबड वेगळी होती. शाळेचे नाझिर, म्हणजे मुख्याध्यापक, उस्ताद लमलूम स्नेहसंमेलनाच्याच दिवशी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी नाव लागलं होतं अब्ला इन्साफचं. निरीक्षक यायचे, पालकांना "काही तक्रार?" असं विचारायचे, आणि सही. तक्रार निघाली तर मात्र शहरातून कुणीतरी परका येऊन बसायचा. चौतीस वर्षं अब्लांनी खडूच्या पेटीसाठीसुद्धा दुसऱ्याची परवानगी मागितली होती. त्यांना ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती, की गेले पंधरा दिवस नमाजानंतरची त्यांची दुआ लांबतच चालली होती, आणि आता तिच्यात खुर्चीच्या गादीचा रंगही यायला लागला होता.

तर आदल्या दिवशी अब्ला शाळेतल्या झाडूवालीला, उम्म दलालला, म्हणाल्या, "अगं, निरीक्षक यायच्या आत हे कपाट रिकामं कर. सगळं ने. एक चिटोरा दिसता कामा नये."

"सगळं?" उम्म दलालने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं! किती वेळा सांगू?"

उम्म दलालने सगळं नेलं. वर्षाच्या शेवटी वह्यांची रद्दी नेहमी जिथे जाते तिथे नेलं, म्हणजे अम बुशराच्या दुकानात. अम बुशरा भोपळ्याच्या बिया भाजून विकतो. गावात वर्षभर माणसं बिया चघळतात ती पोरांच्या चुकलेल्या भागाकारांतून. आणि स्नेहसंमेलनाला पाहुण्यांना वाटायच्या पुड्याही त्याच्याकडूनच येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ताडपत्री ताणली होती. खुर्च्या भरल्या, जास्वंदीचं लालभडक सरबत फिरलं. सूत्रं सहावीतल्या करीमानच्या हाती होती, कारण लाऊडस्पीकर बंद पडला तरी तिचं काही अडत नाही. मधोमध निरीक्षक उस्ताद बहजत, काळा चष्मा लावून. हा माणूस याच शाळेत, अब्लांच्याच हाताखाली शिकलेला, पण आता सरकारी गाडीतून उतरतो म्हटल्यावर जुनी ओळख कोण काढणार? शेजारी शेख मखलूफ डफ मांडीवर घेऊन बसले होते. गावातल्या प्रत्येक मंगल प्रसंगी प्रेषितांची स्तुती गायची, मध्येच एखादी कथा लावायची, हसवायचं, रडवायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. शेख गायला बसले की अब्ला चूल बंद करून धावत यायच्या.

करीमानने पुड्या वाटल्या. अब्लांनी आपली पुडी उघडली, चार बिया तोंडात टाकल्या आणि कागदावर आपलंच अक्षर वाचलं: "उमद्यांचा नातू. डोकं रिकामं, पण टापटीप. रिकामं घर टापटीप दिसतंच."

उमदे म्हणजे गावचे मुखिया. बी घशात अडकली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरीकडे. अब्लांनी मान वळवून पाहिलं तर निम्मं अंगण बिया मांडीवर ओतून पुड्या उलगडत होतं. अक्षर कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. गावातले अर्ज, लग्नपत्रिका आणि थडग्यावरच्या ओळी त्याच अक्षरात होत्या.

"अम बुशरा!" अब्ला दात आवळून म्हणाल्या. "पुड्या वळताना वाचता येत नव्हतं?"

"वाचत बसलो तर वळू कधी, अब्ला?" अम बुशरा निरागसपणे म्हणाला. "पण कागद छान होता हं. जाड."

अब्ला रांगेतून फिरायला लागल्या. "द्या इकडे, पुडीत खडा आहे, खराब माल आहे, द्या." पण कोण देतं? हाज्जा फिक्रियाने पुडी सरळ छातीशी धरली. "माझ्यात शेजारणीचं निघालंय, अब्ला. जीव गेला तरी देणार नाही. तिच्या पुडीत माझं आहे का बघा ना!" लोक रांगा ओलांडून पुड्यांची अदलाबदल करू लागले. "उमद्यांचं कुणाकडे आहे? मी दोन देतो!"

आणि नेमकं तेव्हाच करीमानने घोषणा ठोकली, "आता शेख मखलूफ!"

शेखांनी आधी डोळे मिटून प्रेषितांवर सलाम म्हटला. अंगण शांत झालं. अब्लांना वाटलं, सुटले, आता कथा लागेल आणि लोक विसरतील. कथा लागलीच. पण शेखांच्या हातात पुडीचा कागद होता.

"ऐका हो ऐका, सत्याचं मोल," शेखांनी सूर धरला, डफावर बोटं नाचवली, "एका माउलीची कथा ऐका! गृहपाठ आई करते, हो, गृहपाठ आई करते! आईला पुढच्या वर्गात घालावं... अन् पोराला? पोराला मागे ठेवावं!"

"अल्लाह! अल्लाह!" लोक ओरडले. "पुन्हा, मौलाना!" ती आई स्वतःच ओढणीत तोंड घालून हसत होती. नवरा म्हणाला, "मी काय सांगत होतो तुला?"

पुड्या हातोहात पुढे येऊ लागल्या. शेख एकेक घेत आणि त्याच तालात सोडत. "जुळ्या बहिणी दोन, गणित एकच, पण चुका वेगळ्या! नक्कल नाही, भेसळ नाही, चूकही ज्याची त्याची!" जुळ्यांच्या आजीने टाळ्या वाजवल्या. "आणि आमचे नाझिर! शाळेची घंटा वेळेवर होते, कारण घंटा उम्म दलाल वाजवते!" उस्ताद लमलूम सरबतात बघत राहिले. मागून उम्म दलालने जीभ नाचवत लांबलचक हुलहुलाट केला, लग्नात करतात तसा.

पुढची पुडी शेखांनी उघडली आणि तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. डफ थांबला.

अब्लांना आठवलं. अल्ला, ते नको. ते पान नको.

शेखांनी ओठ ओले केले. आणि मग, डफ न वाजवता, हळूच गायले, "शेख मखलूफचा... वरचा सूर चार वर्षं लागत नाही. तिथे तो डफ जोरात वाजवतो."

शेखांनी डफ खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवला. घसा साफ केला आणि खालच्या सुरात, नुसत्या आवाजावर, आपलं नेहमीचं स्तुतिपद सुरुवातीपासून म्हटलं. वर चढलेच नाहीत. अब्लांनी ते पद शंभरदा ऐकलं असेल, पण त्यातले शब्द त्यांना आज पहिल्यांदा नीट ऐकू आले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला, तर त्यातून बिया सांडल्या.

पद संपलं आणि निरीक्षक उभे राहिले. काळा चष्मा तसाच. हातात चार-पाच उलगडलेल्या पुड्या.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. "सरकारी शाळेत पालकांविषयी, नाझिरांविषयी असं लिहिणं म्हणजे सरळ तक्रारीचा विषय आहे."

उस्ताद लमलूम पुढे झुकून अब्लांच्या कानाशी कुजबुजले. घंटेवरून झालेली फजिती विसरून ते मदतीला आले, हे त्यांच्या नावावर मांडायलाच हवं. "सांगा, कुणीतरी अक्षराची नक्कल केली. मी साक्ष देतो. नाहीतर खुर्ची जाईल, बाई!"

तेवढ्यात लाऊडस्पीकरमधून आवाज आला. "मी लिहिलं, साहेब."

करीमान. मान ताठ, हात मागे.

"मला अब्लांचं अक्षर हुबेहूब काढता येतं. वर्षभर मीच लिहिलं. गंमत म्हणून. अब्लांना काही माहीत नाही. प्रमाणपत्र नका देऊ मला, चालेल."

करीमानच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. अब्लांना इतकंच करायचं होतं: गप्प बसायचं. पोर पुढच्या शाळेत जाणार, गाव चार दिवसांत विसरणार, आणि खुर्ची, निळ्या गादीची, इथेच राहणार. पंधरा दिवस मागितलेलं अल्लाने अगदी हातात आणून ठेवलं होतं. फक्त ज्या हातांनी आणलं, ते हात अकरा वर्षांचे होते.

अब्ला उठल्या. हाज्जा फिक्रियाच्या मांडीवरच्या पुड्यांत त्यांनी बोटं घातली. "अहो, काय करता?" म्हणेपर्यंत हवा तो कागद काढला आणि मोठ्याने वाचला:

"करीमान. अट्टल खोटारडी. पण स्वतःसाठी अजून एकदाही खोटं बोललेली नाही. हिची काळजी वाटते. हिचा हेवाही वाटतो." कागदाची घडी घातली. "वही माझी आहे, उस्ताद बहजत. अक्षर माझं. चौतीस वर्षांच्या चौतीस वह्या आहेत. तुमच्या वर्षाचीही आहे."

निरीक्षकांनी चष्मा काढला. चष्म्याखाली तोच सहावीतला पोरगा निघाला, थोडा सुजलेला.

"माझ्याविषयी काय लिहिलं होतं?"

"राहू द्या आता."

"सांगा, अब्ला."

"तिसऱ्या तासाला झोपतो. झोपेत घोरतो, पण विचारलं तर उत्तर देतो. पोटापुरतं शहाणपण आहे, मोठा अधिकारी होईल."

सरकारी गाडीचा चालक दाराशी उभा राहून म्हणाला, "तिसऱ्या तासाला नाही हो, आता दुपारभर," आणि स्वतःच दचकला.

मग जे हसू फुटलं, त्याने ताडपत्रीचा एक बांबू कलला. निरीक्षक हसले की नाही ते नीट कळलं नाही. त्यांनी चेहरा फाइलमध्ये घातला होता. बऱ्याच वेळाने डोकं वर काढून त्यांनी नियमाचा प्रश्न विचारला, "पालकांपैकी कुणाची तक्रार?"

उमदे उठले. पांढरीशुभ्र पायघोळ गलाबिया, एका हातात काठी, दुसऱ्यात अब्लांच्या खुर्चीवर राहिलेली पुडी.

"माझी आहे," उमदे गुरगुरले. "माझ्या नातवाचं डोकं रिकामं आहे, हे वर्षभर मला का सांगितलं नाही? मी त्याला डॉक्टर करायला निघालो होतो! पुढच्या वर्षीपासून भिंतीवरची ओळ नको. हे पाठवा घरी."

"तक्रार लिहून घेऊ?" निरीक्षकांनी विचारलं.

"हीच लिहा. की बाईंनी आधी सांगायला हवं होतं."

निरीक्षक बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद अब्लांपुढे धरला. नाझिर म्हणून नेमणूक, सही, शिक्का. आणि खाली, शेऱ्याच्या रकान्यात, सहावीतल्या पोराच्या तिरक्या अक्षरात: "गुणी, आज्ञाधारक, भविष्य उज्ज्वल."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी?" अब्ला म्हणाल्या.

"सरकारी कागद आहे, अब्ला," निरीक्षक म्हणाले. "खरं मी माझ्या वहीत लिहीन."

करीमान लाऊडस्पीकरवर पुढचा कार्यक्रम सांगत होती, आणि जो सांगत होती तो यादीत नव्हताच: शेख मखलूफांनी मघाचं पद पुन्हा म्हणावं, डफाशिवाय. शेखांनी मान डोलावली. अब्ला पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारी अम बुशरा सरकून आला.

"अब्ला, पुढच्या वर्षीची वही मला सांगून ठेवा बरं का. दुसरीकडे देऊ नका."

"गप्प बस आणि ऐक," अब्ला म्हणाल्या, आणि हात त्याच्या पुडीत घातला.