बांधाची कड

दाभणाच्या भोकात सुतळी शिरत नव्हती. काशीबाईने टोक जिभेवर ओलं केलं, पिळलं, पुन्हा धरलं – डोळ्यांना काही झालेलं नाही, सुतळीच दरिद्री – आणि मान खालीच ठेवली. कारण वर पाहिलं की समोर वाहणारा व्हाळ दिसणार होता, व्हाळात काल वाडीने घातलेला बांध, आणि उजव्या कडेची माती कापून रात्रीतून निसटलेलं पाणी.

पोती मात्र जागच्या जागी होती. मातीने पाऊण भरलेली, तोंडं शिवलेली, सांध्यावर सांधा येऊ न देता रचलेली... संचिताचं काम. नात म्हणून नाही सांगत; नात म्हणून तर मी तिला चार शब्द जास्तच ऐकवलेत. आठ वर्षांची असताना ती याच बांधावर माणसांना पाणी देत फिरायची, आणि कोणाला दोनदा मिळालं, कोण राहिलं, सगळं तोंडपाठ. मग गणपतीत भजनाची पोरं वेळेवर गोळा करणं, मग कॉलेज करता करता कट्टा गावातल्या डेअरीवर सकाळची नोकरी – तिथे म्हणे भांडायला आलेला माणूस जाताना हिलाच जेवायला बोलावून जायचा. यंदा वाडीने बांध तिच्या हाती दिला. बाविसाव्या वर्षी. काशीबाईला कोणी दिला नव्हता. तिने घेतला होता, आणि वीस वर्षं सोडला नव्हता.

आता संचिता गुडघाभर पाण्यात उभी, आणि काठावर पंचवीस माणसं.

"माजी चूक," ती म्हणाली. "आधी कड हातभर आत खणूक होयी होती. माका सुचला नाय. आज परत घालूया. राधाबाय, तू पेजेपर्यंतच थांब, तुजो गुडघो दुखता."

"कॉलेजात ह्या शिकवूक नाय वाटता?" बाबली म्हणाला.

"नाय रे बाबलीकाका. म्हणान तर तुमका बोलावलंय."

माणसं हसली, आणि हसता हसता पाण्यात उतरली.

बस, एवढंच? काशीबाईच्या हातातलं दाभण थांबलं. ना रडणं, ना कारणं, ना दुसऱ्याकडे बोट... दोन शब्द टाकले आणि माणसं कामाला! काल कड न खणता पोती लागताना आपण पाहिलं होतं. इथेच बसून. विचारलं कोणी? मग मी का सांगू – असं कालपर्यंत वाटत होतं...

बांध आपल्या हाती होता तेव्हा एका वर्षीही उजवीच कड. वाडीतला धोंडू पहार घेऊन खणत होता, घामाने निथळलेला, आणि आपण काठावरून म्हटलं, "पुरे रे आता, पेज निवता." त्याने ऐकलं. तिसऱ्या दिवशी पाणी कडेने गेलं, तेव्हा देवळासमोर सगळ्यांदेखत आपणच म्हटलं – धोंडूने कड अर्धी सोडली. त्याने एकदाच पाहिलं, आपण नजर खाली घातली. पहार खांद्यावर टाकली. पुढे मरेपर्यंत तो बांधावर आला नाही, आणि आपण बोलवायला गेलो नाही. वाडीने मान दिला तो मलाच. त्याचा मुलगा बाबली येतो मात्र, दर वर्षी.

त्यानेच आता हात जोडले. काम पुन्हा सुरू, म्हणजे देवाला घालायचं गाऱ्हाणंही पुन्हा. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां परत बांधार जमली हत. कोणाचा काय चुकला-माकला असात, तर ता पदरात घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

इतकी वर्षं या वाक्याला पहिला, मोठा आवाज तिचा असायचा. आज तो मागे राहिला. सगळ्यांचे हात खाली आल्यावर एकटाच बाहेर पडला, जेमतेम.

"आजये," संचिता वर येऊन म्हणाली, "कड दाखव गो माका. खंयपर्यंत खणूया?"

काशीबाई दाभण पदराला टोचून उठली. उतार होता, पोरीने हात पुढे केला, आणि तिने तो धरला – कधी धरत नसे. खाली बाबली खणत होता. पहार जुनी, मुठीशी झिजलेली. त्याच्या बापाची असावी. अर्धा हात आत गेल्यावर तो थांबला. "पुरे मां? पेज इली."

दोन शब्द जिभेपर्यंत आले होते. संचिताने ते किती सहज टाकले होते... कसे टाकले असतील?

"अजून," काशीबाई म्हणाली. "अजून आत घे, बाबल्या. पेज निवांदे."

त्याने मान वर करून पाहिलं. एकदाच. या वेळी तिने नजर खाली घातली नाही.