उशिरा पडणारी टाळी

लेनफर्ड बार्टलीची ती तबकडी हॉलमध्ये सगळ्यांना पाठ होती, पण तिचं खरं नाव त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

लेनफर्ड जमैकाचा. इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या आमच्या गिरण्यांच्या गावात तो आठवडाभर बस चालवायचा आणि रविवारी दुपारी स्टेजवर उभा राहून अमेरिकन सोल गाणी, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय गायकांची नाचरी गाणी, लावायचा. तिकडे कुणी विकत न घेतलेली, पेट्या भरून भंगारात आलेली गाणी तो शोधून काढायचा. आमच्या भागात हे त्यानेच सुरू केलं. लोक लांबलांबून यायचे, लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकायचे आणि घसरत, गिरक्या घेत नाचायचे. मी शाळेत शिकवायचे आणि रविवारी तिथली चहाची खिडकी सांभाळायचे.

दुर्मीळ तबकडी मिळाली की डीजे तिच्या मधल्या लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव लिहायचे. म्हणजे दुसऱ्या क्लबवाल्याला ती शोधता येत नसे. लेनफर्डने आपल्या लाडक्या तबकडीवर लिहिलं होतं, 'डेला वॉटर्स'. हे गाणं दुसरीकडे कुठेच वाजत नसल्यामुळे आमचा हॉल भरायचा. आणि मालकाने बजावून ठेवलं होतं, गर्दी घटली की रविवारी गाण्यांऐवजी बिंगो, आकड्यांचा खेळ.

शहात्तर की सत्याहत्तर सालच्या वसंतातली ती दुपार. वॉरिंग्टनच्या अमेरिकन तळावरचा एक सार्जंट, अर्ल टॉलिव्हर, खिडकीशी चहा घेत होता. तेवढ्यात डेला वॉटर्स लागली. दुसऱ्या कडव्यानंतर मूळ गाण्यात एक टाळी जराशी उशिरा पडते. आमची मंडळी ती नेमकी तशीच उशिरा वाजवायची, चारशे जण एकदम. ती पडली आणि अर्लने कप खाली ठेवला.

"मॅडम, हे कोण गातंय?"

"डेला वॉटर्स."

"छे! ही माझी बहीण ओडेसा. आणि ती चुकलेली टाळी माझी आहे. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो."

मी त्याला स्टेजवर घेऊन गेले. लेनफर्डने सगळं ऐकून घेतलं, पण तबकडीवरचा हात काही उचलला नाही.

"सार्जंट, ती गाते का अजून?"

"नाही. डेट्रॉइटला शाळेच्या स्वयंपाकघरात असते. तिला वाटतं, ते गाणं कुणी ऐकलंच नाही. चर्चमध्येसुद्धा तोंड उघडत नाही. तुम्ही फक्त तिचं नाव घ्या, एवढंच."

स्टेजखाली ट्रेव्हर ऑर्मरॉड उभा होता, शेजारच्या गावातला डीजे. दर रविवारी वही घेऊन यायचा.

"मिस हेटी," लेनफर्ड हळूच म्हणाला, "नाव घेतलं तर महिन्याभरात हे गाणं त्याच्याकडे वाजेल. मग इथे कोण येणार?"

"हा हॉल तू एका गाण्यावर उभा केलास का रे?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तबकडीकडे. "तुमची किटली उकळतेय का?"

खिडकीपाशी येऊन त्याने तबकडी आडवी धरली आणि वाफ जेमतेम कागदालाच लागेल इतकी लांब ठेवली. चिकटवलेला कागद सुटला. मग माईकवर म्हणाला, "मंडळी, मी तुम्हाला दोन वर्षं फसवलं. डेला वॉटर्स नावाचं कुणी नाही. गाणारीचं नाव ओडेसा टॉलिव्हर. लिहिलंस का, ट्रेव्हर? नीट लिही. परत विचारायला आलास तर चहा मिळणार नाही!"

हॉल खदखदून हसला. ट्रेव्हरचे कान लाल झाले, पण त्याने लिहिलं.

मग आम्ही ओडेसाला फोन लावला. व्यवस्थापकाच्या खोलीतल्या फोनची तार दारापर्यंतच पुरत होती. डेट्रॉइटला तेव्हा सकाळ होती आणि ओडेसा चर्चला निघाली होती. अर्लने काही न सांगता फोन हॉलकडे धरला आणि लेनफर्डने गाणं लावलं. दुसरं कडवं संपलं. चारशे जणांची टाळी पडली, उशिरा.

पलीकडून मलाही ऐकू आलं, "अर्ल, तुला अजून टाळी जमत नाही!"

"मी एकटा नाही, ताई," अर्ल डोळे पुसत म्हणाला. "इथे कुणालाच जमत नाही."

आणि ती फोनवर गाण्याबरोबर गुणगुणू लागली.

पुढच्या रविवारी शंभरेक माणसं कमी आली. लेनफर्डने एक नवी तबकडी काढली, लेबल उघडं ठेवून. त्यापुढच्या रविवारी ट्रेव्हर आला तो वही न घेता, नाचायचे बूट घालून. बिंगो शेवटी बुधवारी सुरू झाला.

आता शनिवारी सकाळी त्याच हॉलमध्ये मी लहान मुलांना नाच शिकवते. ती टाळी मात्र उशिराच शिकवते.