सक्शनची नळी

आमच्या ह्यांचं भडगावात पाइप आणि ठिबकचं दुकान आहे. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याला आधी प्रवचन ऐकावं लागतं. मोटार पाणी ओढते त्या बाजूला, म्हणजे सक्शनला, कडक पाइपच लावायचा. मऊ नळी ओढीनं चपटी होते आणि मोटार कोरडी बोंबलत बसते. लग्नापासून ऐकतेय, कान किटले माझे.

दुसरं खूळ जीपचं. जीप सासऱ्यांची, म्हणजे नानांची. हे तिच्यावरच गाडी शिकले. यंदा तिचं इंजिन बसलं तेव्हा नाना म्हणाले, "आते भंगारमा दी टाकू." ह्यांचं तोंड एवढंसं झालं. बरीच गयावया केल्यावर नानांनी सवलत दिली. अधिक महिना लागलाय, धोंड्याच्या जेवणाला जावईबापू येतील. तोवर चालली तर दारात राहील, नाही तर भंगारवाला येईल.

मग काय! ह्यांनी अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं इंजिन आणलं, जळगावहून मेहरूणच्या अमीनभाई मेस्त्रींना बोलावलं आणि माझ्या कुरडया वाळायच्या जागेवर गिअरबॉक्स आला. इंजिन बसलं खरं, पण त्याचं हवा ओढायचं तोंड डावीकडे आणि जीपचा हवेचा फिल्टर उजवीकडे. वर दोघांची मापं वेगळी. अमीनभाई म्हणाले, "दीपकभाऊ, घाई करू नका. मी जळगावहून बरोबर मापाचा पाइप आणतो."

हे कसले थांबतात! "दुकान काय शोभेला आहे माझं?" म्हणत ठिबकचा रिड्यूसर, म्हणजे दोन मापं जोडणारा तुकडा, आणला, हातभर मऊ हिरवी नळी कापली आणि दोन क्लिपा आवळल्या. फिट्ट बसली. अंगणात जीप काय गोड चालायची मेली! रस्त्याला लागून जरा रेस दिली की मात्र काळा धूर, दम, आणि बंद. बॉनेट उघडून बघावं तर सगळं जिथल्या तिथं. डिझेलचा फिल्टर बदलला, पंप खोलला, अमीनभाईंच्या हाताला नावं ठेवून झाली. ते बिचारे रागावून जळगावला निघून गेले.

जेवणाचा दिवस उजाडला. ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मला राग यायचा तेवढा आला, पण त्या माणसाकडे बघवेना. म्हणाले, "सारिका, बॉनेट उघडंच ठेवून तू इथं उभी राहा. मी रेस देतो."

दिली. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हिरवी नळी फटकन चपटी झाली! रेस सोडली तशी पुन्हा गोल.

"अहो, नळी चपटली!" मी ओरडले.

हे खाली उतरले. नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "काही बोलू नकोस."

"मी कुठं काय बोलले?" म्हटलं आणि पदर तोंडात कोंबून पोट दुखेस्तोवर हसले. दुकानातून कडक पाइप आला, बसला, आणि जीप गिरणेच्या पुलापर्यंत जाऊन सुसाट परत आली. ह्यांचा चेहरा असा खुलला होता, काय सांगू!

दुपारी माझी नणंद मेघा आणि तिचा नवरा भूषण धुळ्याहून आले. जेवण झाल्यावर जावईबापूंनी जीप फिरवून आणली. नानांना म्हणाले, "वा मामा, नवी गाडी झक मारेल हिच्यापुढे!"

वाण द्यायची वेळ झाली. ताटात अनारसे होते, चांदीचं निरांजन होतं. नानांनी मागितलं म्हणून ह्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. नानांनी ती ताटात ठेवली आणि ताट जावईबापूंच्या हातात दिलं. "लई जा, जवाईबापू. जीप तुमनी."

जावईबापू अवघडले. "मामा, नको. दीपकभाऊंनी एवढा जीव लावून..."

"तेन्हाकरताच ते देस," नाना म्हणाले. "भंगार काय कोनी जवाईले देतस का? मन्हा पोऱ्यानी बनाडेल शे ती!"

नाना ह्यांच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कधी बोलले नव्हते, तेही चार माणसांत. हे हसले. खरंच हसले, देवाशपथ. मग फडकं घेऊन जीपच्या, म्हणजे जावईबापूंच्या जीपच्या, काचा पुसायला लागले.