रांजणाखालचं कडं

मित्रांनो, मी एक जुनं, बुचाचं कडं आहे. बुडणाऱ्याला तरंगतं ठेवायचं, एवढंच माझं काम. बुचाच्या तुकड्यांवर कॅनव्हास शिवून, लाल-पांढरा रंग देऊन मला एका प्रवासी बोटीच्या कठड्यावर टांगलं होतं. खाली निळं पाणी, आतून पेटीचे सूर. नुसती मजा होती! रोज सकाळी मोहियोद्दीन खलाशी मला हात लावून म्हणे, "जागेवर हाय." मला कुलपात ठेवायचं नाही, दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही, असा बोटीचा नियमच होता.

बोट मोडीत निघाली, तेव्हा मोहियोद्दीनने मला शेवगावजवळच्या आपल्या गावी आणून विहिरीवरच्या कडुलिंबाला टांगलं. वाऱ्याने ज्वारी सळसळली की मला समुद्र ऐकू येई.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहीर आटली. "पानीच न्हाई, तर बुडायचं कुठं?" असं म्हणत शेजारच्या दगडाबाईने मला घरी नेलं आणि रांजणाखाली बैठक म्हणून ठेवलं. रांजणातलं थेंबभर पाणी सांडलं तरी ती दिवसभर तोंड चालू ठेवी. मी मात्र त्या गार अंधारात समुद्राची स्वप्नं पाहत पडून राहिलं.

पुढच्या वर्षी विहीर भरली. मोहियोद्दीन दारात आला. "दगडाबाई, पानी आलंय. कडं जागेवर जाऊ द्या."

"देते की चाचा. रांजन रिकामा झाला म्हंजी देते."

पण रांजण ती रिकामा होऊ देईल तर ना! दुष्काळाची धास्ती तिच्या मनातून गेलीच नव्हती. आणि दुष्काळात वाढलेल्या तिच्या लहानग्या लेकीला, राहीला, खोल पाणी ठाऊकच नव्हतं. एका दुपारी विहिरीत डोकावताना ती पोर आत पडली आणि काठच्या उंबराची मुळी धरून लोंबकळली.

"दगडाबाई, कडं आना! मुळी तुटंल!" मोहियोद्दीन ओरडला.

दगडाबाईने रांजण उचलायला त्याला मिठी मारली. भरलेला रांजण हलेना. मग तिने खांदा लावून तो सरळ उलथून टाकला. खापऱ्या उडाल्या, अंगणभर पाणी झालं. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिने मला विहिरीत फेकलं. एवढी वर्षं समुद्रावर राहून मी पाण्याला कधी शिवलंच नव्हतं! राहीचे दोन इवले हात माझ्यात शिरले. दोर सोडून माणसं खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं हलके होऊन तरंगत होतो. त्यासाठीच तर माझा जन्म होता.

आता मी पुन्हा कडुलिंबावर आहे. माझी शिवण उसवली आहे, रंग उडाला आहे. दगडाबाईने नवा रांजण दगडांवर ठेवला आहे. मित्रांनो, रिकामं टांगलेलं दिसलं म्हणून माझ्यासारख्याला कुणी दुसऱ्या कामाला लावू नका, एवढंच मागणं. रोज सकाळी दगडाबाई पाण्याला येते. पोहरा सोडण्याआधी मला हात लावते आणि हळूच म्हणते, "जागेवर हाय."