विसण नको

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात जपानी यंत्रं आली, तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी ती भाषा शिकावी असं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. बदलापुरात हिमानी नावाच्या बाई संध्याकाळी वर्ग घ्यायच्या. एकदा त्यांनी एक शब्द सांगितला, गोकुराकु. तिकडची म्हातारी माणसं कढत पाण्यात गळ्यापर्यंत उतरली की डोळे मिटून तो म्हणतात. पराकोटीचं सुख. ज्याच्यापुढे आणखी मागणं उरत नाही असं.

रविवारी आईला आंघोळ घालताना मी तो तिला शिकवला.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची डावी बाजू लुळी झाली होती. इतर दिवशी कामाला ठेवलेली बाई यायची, रविवार माझा. उल्हासनगरहून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला बसवायचं, बादली गिझरखाली भरायची आणि विचारायचं, "विसण घालू?" ती म्हणायची, "नको." एवढ्या कढत पाण्यात गार पाण्याचा एक तांब्याही ती घालू द्यायची नाही.

जन्मभर तिची आंघोळ सगळ्यांच्या मागून झाली होती. आधी बाबा, कारण त्यांची पहिली पाळी. मग मी, कारण शाळा. मग डबे, धुणं, आणि तळाशी उरलेलं कोमट पाणी.

"आपल्यात नाही का गं असा शब्द?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. एवढी पुस्तकं वाचली, पण तृप्ती जेवणानंतरची वाटली आणि समाधान देवळातलं. "सगळं आवरलं की तू काय म्हणायचीस?"

"हुश्श."

"ते काम संपल्याचं झालं. हा सुखाचा शब्द आहे."

"मग मला कसा ठाऊक असणार?" असं म्हणून ती हसली. मला हसता आलं नाही.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. तो शब्द एकदा तिच्या तोंडून यावा, आणि तो खरा असावा. पाठीवर तांब्या ओतला की मी विचारायची, "आता?"

"अजून नाही."

मानेवर ओतायची. "आता?"

"तुझं जपान फार घाईचं गं बाई. ओत."

त्या शब्दाचा मूळ अर्थ स्वर्ग, हे मी तिला सांगितलं नव्हतं. "म्हणजे मला पाठवायची तयारी का?" असं तिने नक्की विचारलं असतं.

एका गुरुवारी सकाळी ती गेली. झोपेतच.

चामटोलीहून अंजनीमावशी आली. आईची धाकटी बहीण. दारात माणसं जमली होती, खालून कुणीतरी दोनदा विचारून गेलं. आईला आंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा मावशीने नळाखालची गार पाण्याची बादली पुढे ओढली. मी ती बाजूला सारली आणि दुसरी गिझरखाली लावली.

"राजसी, लोक खोळंबलेत. तिला आता काय कळणार आहे?"

"मला कळतंय."

बादली भरली. वाफ येत होती. मावशीने सवयीने बोटं बुडवली आणि झटकन बाहेर काढली.

"विसण घाल गं, पोळेल तिला!"

मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिने पदर तोंडाशी धरला. मी म्हणाले, "तिला असंच लागतं," आणि तांब्या भरला.

पाठीवर सावकाश ओतलं. मानेवर ओतलं. कातडी लाल झाली नाही. "आता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय आता?" मावशीने विचारलं.

"काही नाही."

स्मशानातून परतले तेव्हा दुपार टळली होती. आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवता येत नव्हतं. मावशीने मला थेट न्हाणीघरात नेलं. आईच्याच खुर्चीवर बसवलं. लहानपणी चामटोलीला विहिरीवर घालायची तशी तीच मला आंघोळ घालू लागली.

"विसण घालू?"

"नको."

पहिला तांब्या पाठीवर आला आणि मी दचकले. चटका बसला, मग खांद्यांतलं काहीतरी सुटलं. सकाळपासून मला माझं अंग असल्याचंही जाणवलं नव्हतं. पाणी कमरेपर्यंत उतरलं. आईला जाळून आलेल्या दिवशी मला इतकं बरं वाटत होतं, की लाज वाटली. तरी मी उठले नाही. तो शब्द जिभेवर आला. म्हटला असता तर खोटा ठरला नसता.

पण मग आणखी मागणं उरलं नसतं, आणि मावशीने तांब्या खाली ठेवला असता.

"बस का गं?" तिने विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले. "ओत."